तीन घरचा मासा

संत निकोलाचा ल्युबिशावर काय राग होता, देव जाणे! वाल्येवो गावातली त्याची तिन्ही बडी गिऱ्हाइकं याच संताची, म्हणजे तिघांच्याही घरी कुळाचा सण, स्लावा, एकाच दिवशी. आजवर तो त्यांतल्या फक्त मिलादिनकाकांकडे जायचा. पण यंदा त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कंपनीत नवी साहेबीण आली होती.

"नातं जपायचं तर तिघांशीही सारखं," तिने बजावलं. "आणि मिलादिनचा करार संपतोय. तो हातचा गेला तर बघा!"

'काका काय, घरचेच. त्यांच्याकडे शेवटी गेलं तरी चालेल,' असं ल्युबिशाने ठरवलं आणि तिथेच माशी शिंकली.

पहिल्या घरी घोटभर राकिया, फळांची दारू, घेऊन सटकायचा त्याचा बेत होता. यजमानाच्या आईने खांदे दाबून त्याला बसवलं. "नाताळच्या उपासाचंच आहे रे सगळं, मांस नाही, नुसता मासा. हलकं असतं!" म्हणत माशाचं सूप, भाजलेला मासा आणि वर घेवड्याची रास. दुसरं घर ओब्रेनचं. मुरांब्याच्या धंद्यात हा मिलादिनकाकांचा कट्टर वैरी. तिथेही तेच. ओब्रेनच्या बायकोची पाठ वळताच ल्युबिशाने ताटातला मासा कागदी रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात कोंबला.

मिलादिनकाकांकडे पोचेस्तोवर संध्याकाळ झाली. काका दारातच उभे होते.

"अरे, होतास कुठे? सणाचा पाव तुझ्याबरोबर कापायचा म्हणून थांबलो होतो. शेवटी शेजाऱ्याला बोलावलं."

त्यांचा चेहरा बघून ल्युबिशाला गलबलून आलं आणि तोंडातून भलतंच निघालं. "काका, वाटेत बर्फ साचलं होतं हो! सकाळपासून कण नाही पोटात. म्हटलं, खायचं तर देसांका काकूंच्याच हातचं."

काकूंचे डोळे भरून आले. "उपाशी राहिलास रे माझ्यासाठी!" म्हणत त्यांनी दोन माणसांचं ताट वाढलं. ल्युबिशा घामाघूम झाला. त्याने पहिला घास कसाबसा गिळला.

तेवढ्यात घरातल्या मांजराने खुंटीवरचा कोट खाली ओढला, खिसा उचकटला आणि पुडकं पाहुण्यांच्या मधोमध आणून फोडलं. काकांनी चष्मा लावून रुमाल उचलला. त्यावर सोनेरी अक्षरांत ओब्रेनचं नाव छापलेलं होतं.

"मासा ताजा दिसतोय," काका म्हणाले.

काकूंनी हळूच ताट मागे घेतलं. "राहू दे बाळा, पोट बिघडेल."

त्यापेक्षा त्यांनी ते डोक्यात घातलं असतं तर बरं, असं ल्युबिशाला वाटलं. निघताना तो पुटपुटला, "काका, चुकलं माझं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..."

"भरल्या पोटी आलो म्हणाला असतास, तर पोट धरून हसलो असतो रे," काका म्हणाले. "कराराची काळजी करू नकोस. उद्या सही करतो. खोकी चांगली आहेत तुमची."

सही झाली. साहेबिणीने ल्युबिशाला बढती दिली. त्याला मात्र वर्षभर त्या परत गेलेल्या ताटाची चुटपुट लागून राहिली.

पुढच्या डिसेंबरात साहेबीण नाचतच आली. "मिलादिनच्या कचेरीतून फोन होता! सणाचं खास आमंत्रण आहे तुम्हाला. याला म्हणतात नातं!"

स्लावाला घरच्या माणसाला कुणी बोलावत नाही, तो आपला आपण येतो. पण आता बेलग्रेडच्या या शहरी बाईला ते काय सांगायचं?

"हो," ल्युबिशा म्हणाला. "किती वाजता यायला सांगितलंय?"