बाई उभ्या आहेत

सोमवारी सकाळी सुईणबाई सवयीनं मागं न बघता खाली बसल्या आणि थेट फरशीवर आपटल्या. स्टूल गेल्याचं प्रसूतिकक्षाला कळलं ते असं.

टेबलावरची बाळंतीण कळा विसरून डोकं उचलून बघायला लागली. "मावशी, लागलं का हो?"

"माझं राहू दे. तू जोर लाव!" बाई खालूनच ओरडल्या. बाळाचं डोकं दिसत होतं, स्टूल शोधायला वेळ नव्हता. फरशीवर गुडघे टेकून त्यांनी मूल हातात घेतलं. मुलगी झाली, खणखणीत रडली. बाईही रडल्या असत्या, पण नाळ कापायची होती.

स्टूल साधंच, तीन पायांचं. बाईंचा नवरा सुतार होता. एकदा पाळी संपवून घरी आलेल्या बाई गुडघे चोळत बसल्या होत्या. त्यानं टेप काढली, त्यांच्या टाचेपासून गुडघ्यापर्यंत माप घेतलं आणि आठवड्यानं स्टूल समोर ठेवलं. रुग्णालयानं बावीस वर्षांत बसायला पाटसुद्धा दिला नव्हता. नवरा जाऊन आता तीन वर्षं झाली. त्यानं केलेल्या खुर्च्या-कपाटं लोकांच्या घरात गेली. बाईंकडे राहिलं ते एवढंच.

ते सापडायला वेळ लागला नाही. शनिवारी वरून तपासणी आली होती. पाहुण्यांना दिसावी म्हणून मोठ्या साहेबांच्या केबिनबाहेर एक कुंडी उंचावर ठेवली होती. कुंडीखाली स्टूल. कुंडीतलं झाड प्लास्टिकचं.

बाई तडक तक्रारीच्या खिडकीवर गेल्या. "प्लास्टिकच्या झाडाला बसायला लागतं, आणि माझे गुडघे काय लोखंडाचे आहेत?"

कारकुनानं पेन खाली ठेवलं. "त्याच्यावर लाल रंगात नंबर आहे, बाई. म्हणजे ते रुग्णालयाचं."

"तो नंबर तुमच्याच माणसानं फासलाय! मोजदाद करताना दिसेल त्याला फासत सुटला होता. मी हलले नसते तर माझ्या पाठीवरही फासला असता."

"असेल. पण एकट्या माणसाची तक्रार आम्ही घेत नाही. संघटनेमार्फत आणा. अध्यक्षांची सही लागेल."

"कुठं आहेत अध्यक्ष?"

"निवृत्त झाले. चार वर्षं झाली."

"मग सही कोण करणार?"

"तेच तर मी म्हणतोय," कारकून समाधानानं म्हणाला.

संघटनेचा शिक्का धुलाईखात्यातल्या दादांकडे होता, साबणाच्या डब्यात. ते चिटणीस होते, हे त्यांनाही शिक्का बघितल्यावर आठवलं. गुरुवारी धुलाईच्या खोलीत सभा भरली. खुर्च्या नव्हत्याच. सगळे चादरींच्या गाठोड्यांवर आणि फरशीवर बसले. बाई तेवढ्या भिंतीला टेकून उभ्या, कारण सोमवारपासून गुडघे वाकत नव्हते.

दादा मान खाली घालून लिहीत होते. "अध्यक्षपदाला कोण उभं आहे?"

सगळ्यांनी आजूबाजूला पाहिलं. "बाई उभ्या आहेत," प्रसूतिकक्षातली आया म्हणाली.

"अगं, मी उभी नाही! मला बसता येत नाही!"

"बसता येत नाही म्हणजे उभ्याच की," असं म्हणून दादांनी लिहून टाकलं. "विरोधात कोण उभं आहे?"

कुणी जागचं हललं नाही. एक जण पाय मोकळे करायला उठत होता, त्याला शेजाऱ्यांनी खाली ओढलं.

"मी फक्त माझं स्टूल मागायला आले होते," बाई म्हणाल्या.

"तुमच्याकडे मागायला स्टूल तरी आहे," आया म्हणाली. "मी बारा तास उलट्या बादलीवर बसते. बादली लागली की उठते."

मग एकेकाचं तोंड सुटलं. बाईंचंही सुटलं. तीन टेबलं आणि सुईण एक. मागच्या महिन्यात दोघी एकदम अडल्या, आणि तिसऱ्या टेबलावरचं बाळ कुणाच्याच हातात न येता आलं. वाचलं, ते त्याचं नशीब. मेमो मात्र बाईंना मिळाला: हजर असूनही हजर नव्हत्या. तो कागद आठवून त्यांच्या कानशिलांची आग झाली. त्यांनी दादांच्या हातातून पेन ओढून घेतलं आणि लिहिलं. एक, प्रत्येक पाळीला दोन सुइणी. दोन, मेमो मागे. तीन, सगळ्यांना बसायची सोय. चार, माझं स्टूल.

शनिवारी त्या साहेबांसमोर गेल्या.

"बसा, अध्यक्षबाई."

"नको. माझी बसायची सवय तुम्हीच मोडलीत."

दार कुरकुरलं, कडी हलली. "बाहेर कोण आहे?" साहेबांनी विचारलं.

"सगळी पाळी." बाई दाराकडे वळून गरजल्या, "आत्ता जोर नको! श्वास घ्या!"

अख्ख्या बोळानं श्वास घेतला. तो आत ऐकू आला.

"मी सांगेपर्यंत थांबतील," बाई म्हणाल्या. "पण पटकन ठरवा, साहेब. एकदा डोकं दिसायला लागलं की मलाही थांबवता येत नाही."

साहेबांनी पहिल्या तीन मागण्यांवर सह्या केल्या. चौथ्यावर पेन थांबलं. "हे स्टूल तुमचं स्वतःचं?"

"माझ्या नवऱ्यानं केलेलं."

"मग हा वैयक्तिक विषय झाला. संघटनेला असा विषय आणता येत नाही."

"एकटी आले तर संघटना आणा, संघटना आणली तर एकट्या या! आणि तो नंबर?"

"नंबर आहे म्हणून ते इथून हलवता येत नाही. तुमचं आहे म्हणून संघटनेला मागता येत नाही." साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "नियम आहे."

आता प्रसूतिकक्षात दोन सुइणी असतात. मेमो फाडून झाला. अकरा लोखंडी स्टुलं आली, सगळी एकाच उंचीची. आया आपल्या स्टुलावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते. बाईंचे पाय त्यांवरून लोंबकळतात.

"रोज बघता त्याच्याकडे. उचलून आणू का?" आयानं एकदा विचारलं.

"खबरदार! ज्यानं नेलं त्यानंच आणून ठेवायचं. स्वतःच्या हातानं."

रोज सकाळी कामावर जाताना बाई केबिनबाहेर थांबतात आणि रुमालानं त्या तीन पायांवरची धूळ पुसतात. कुंडीवरची पुसत नाहीत. पुढच्या निवडणुकीला त्या उभ्या राहणार आहेत, या वेळी ठरवून.

स्टूल अजून कुंडीखालीच आहे.