सुतकातला प्रोग्राम

बुधवारी सकाळी मृदुला शेजारून आलेला मऊभात ताटात वाढून घेत होती, तेव्हा डायलिसिस केंद्रातून फोन आला की शिरीषने लिहिलेला प्रोग्राम सुतकात बसला आहे. शिरीष, तिचा नवरा, सोमवारी गेला. प्रोग्रामला ते आज कळलं होतं.

"वहिनी, अडतीस पेशंट आहेत," केंद्राचे व्यवस्थापक बेंद्रे म्हणाले. "उद्या सातला पहिली पाळी. कुणाला कुठलं मशीन, किती वेळ, सगळं त्याच्याकडे. आणि आम्हाला म्हणतो, शिवू नका."

"कागदावर करून बघा ना."

"बघितलं. एका मशीनवर तिघं आले."

मृदुलाला स्वतःलाच सुतक होतं, त्यामुळे तिने शिवायला हरकत नव्हती. ती लॅपटॉप घेऊन बसली.

सर्व्हरवरचा तो प्रोग्राम जावास्क्रिप्टमध्ये होता. तिने उघडला आणि तिला धक्काच बसला. नऊ हजार ओळी, सगळ्या एकाच फाइलीत. मृदुला कॉलेजात हेच शिकवायची: एका कामाला एक फाइल, म्हणजे एक आजारी पडलं तर बाकीच्यांनी अंथरूण धरू नये. आणि तिच्याच घरात हे!

"पाळ्या लावणारं फंक्शन तेवढं मोकळं कर," तिने लिहिलं.

"कसं करू, आई?" स्क्रीनवर उमटलं. तिला आजवर कुणी आई म्हटलं नव्हतं. "बाहेरून आणलेल्या, दुसऱ्यांनी लिहिलेल्या लायब्रऱ्या कामावर आहेत. त्यांचं गोत्र वेगळं. आमचं सगळ्यांचं एकच."

"त्याला वेगळी फाइल करून दिली तर?"

"वेगळी चूल मांडली म्हणून बाप बदलत नाही. दहा दिवस."

"आणि दत्तक दिलं तर?"



"दत्तक गेलेल्याला तीन. बाबा सोमवारी गेले, म्हणजे आजचा शेवटचा."

तिने बेंद्र्यांना फोन लावला. "त्या फंक्शनचा लेखक म्हणून तुमचं नाव घालतेय."

"अहो, मला ईमेलला फोटो जोडायचा तरी मुलीला हाक मारावी लागते!"

"आता शिका. पुढे काही बिघडलं तर तुम्हालाच विचारतील."

बेंद्र्यांनी आपल्या नावाचं स्पेलिंग सांगितलं. मग म्हणाले, "घाला."

तिने फंक्शन अलगद उचललं, नव्या फाइलीत ठेवलं, 'क्ष', 'क्ष२', 'क्षनवा' यांना कळतील अशी नावं दिली. मधेच एक ओळ लागली. पहिल्या पाळीआधी चार सेकंद थांबायची. वर शिरीषची टीप होती: 'हे का, ते मृदुलाला सांगायचं.'

"का रे थांबतोस?"

"माहीत नाही, आई. बाबा म्हणाले थांब, म्हणून थांबतो."

गुरुवारी पहिली पाळी सात वाजून चार सेकंदांनी लागली. अडतीस जणांना मशीन मिळालं. ती ओळ मृदुलाने काढली नाही. कारण सांगायचं शिरीषचं राहून गेलं होतं.