वाऱ्याचा सातबारा

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात धाकलूचं डोकं भडकायला भिवाजीची पवनचक्की पुरेशी होती. पश्चिमेचा वारा सुटला की ती पुढे गरगरायची, आणि तिच्या पाठीमागे, पंचवीस पावलांवर, धाकलूची चक्की पेंगत राहायची. विहिरीतून उपसून येणारं पाणी करंगळीएवढं. वांग्यांनी माना टाकल्या होत्या.

"त्यो माजा वारा खातोय," धाकलू बायकोला म्हणाला.

"योजनेचं सायेब बोललं व्हतं, चक्क्या लांब लांब बसवा," गोदा म्हणाली. "तुमी दोगं भाऊबंद बसलात बांधाला चिकटून."

खरंच होतं ते. सरकारी योजनेतून चक्क्या आल्या तेव्हा बांधावरचा हक्क जाऊ नये म्हणून दोघांनी विहिरीसुद्धा बांधालगतच खणल्या होत्या. पण खरं बोलणाऱ्या बायकोचा राग जास्तच येतो. तो धाकलूने नेऊन भिवाजीवर काढला.

"दुपारची चक्की बंद ठेव तुजी. वांगी मरत्यात माजी."

भिवाजी पानाला चुना लावत म्हणाला, "वाऱ्याचा सातबारा दाखीव, मंग ठेवतो."

भिवाजी जेवून लवंडल्यावर धाकलू दोर घेऊन त्याच्या चक्कीवर चढला आणि चाकाचं तोंड वाऱ्याकडे वळवणारी तिची शेपटी ओढून खांबाला आवळली. वाऱ्याकडे सरळ बघणारं चाक तिरकं झालं. आता बस बोंबलत, म्हणत तो उतरला.

पण भिवाजीची चक्की मेली नाही, जराशी मंदावली इतकंच. धाकलूची मात्र अशी फिरली की पाट भरून वाहू लागला. तीन दिवसांत वांगी ताठ झाली. धाकलू भांडणाची वाट बघत होता. चौथ्या दिवशी भिवाजी आला तो योजनेच्या साहेबांना घेऊनच.

साहेब वर बघतच राहिले. "पुढचं चाक तिरकं धरलं की त्याने थकवलेला वारा बाजूला जातो, मागच्याला ताजा मिळतो. दोघांचं मिळून पाणी वाढलंय. ही अक्कल कुणाची?"

'माजी' हे धाकलूच्या जिभेवर आलं होतं. पण दुसऱ्याच्या सरकारी चक्कीला हात लावला म्हटल्यावर साहेबांनी त्याचीच चक्की उचलून नेली असती.

"माजीच," भिवाजी शांतपणे म्हणाला. "भाऊबंद हाय. वांगी जळत व्हती त्याची."

"आभार तरी माना त्यांचे," साहेब धाकलूला म्हणाले.

धाकलूच्या अंगाचा तिळपापड झाला. "उपकार झालं," तो दात खात म्हणाला.

"उपकार कसलं रं? पयल्या तोडीची वांग्यांची पाटी धाड घरी," भिवाजी म्हणाला. "आन् त्यो दोर सैल पडलाय. चढ, आवळून दे."

साहेबांदेखत धाकलू चढला. दोर सोडून द्यावा असं त्याला फार वाटलं. पण खाली वांगी होती. शिव्या गिळत त्याने गाठ आणखी घट्ट मारली.