आरपार पाहणाऱ्या मेश्राम मॅडम

मेश्राम मॅडम कुठलीही पातळ वस्तू उजेडासमोर धरल्याशिवाय सोडत नाहीत. चहा असो, वरणाचं पाणी असो, नाहीतर खोकल्याचं औषध. रामदासपेठेत एका साखरपुड्याला त्यांनी पन्ह्याचा ग्लास ट्यूबलाइटखाली धरला आणि मुलीच्या आईला विचारलं, "आरपार दिसून नाही राहिलं. गाळलं होतं ना?" धंतोलीत आजारी नणंदेला भेटायला गेल्या, तर सलाइनच निरखत बसल्या. शेवटी नर्स म्हणाली, "ताई, पेशंटले पाहाले आल्या का बाटलीले?"

आमच्या हिंगण्याच्या कारखान्यात पत्रे दाबायचा मोठा प्रेस आहे. तो तेलाच्या दाबावर चालतो. यंत्रांची देखभाल मॅडमकडे; त्यांनी त्या तेलाच्या नळीवर हट्टानं एक सेन्सर बसवून घेतला. एका बाजूला दिवा, समोर उजेड मोजणारा डोळा, मधून तेल. तेलात कचरा वाढला की उजेड अडतो आणि माझ्या स्क्रीनवरची रेघ चढते. रेघेवर लक्ष ठेवणं हे माझं काम. मला मोठ्यानं हाक मारायचीही धास्ती, म्हणून मॅडमनी मला एक शिट्टी आणून दिली.

त्यांना भीती एकच. व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला तर प्रेस अचानक खाली येईल, आणि साचा बदलताना भोयरभाऊंचे हात नेमके त्याच्याखाली असतात.

भोयरभाऊ, आमचे ऑपरेटर, हसायचे. "मॅडम, लग्नातून वाचले हे हात. प्रेस काय करते याईले?"

पण सेन्सरची एक खोड होती. हवेचे बुडबुडेही त्याला कचऱ्यासारखेच दिसत. त्यापायी प्रेस दोनदा फुकट थांबला. मॅनेजर चिडले. "अजून एकदा असं झालं, तर तो डोळा काढून फेकीन!"

तेव्हापासून मॅडम डबासुद्धा माझ्या स्क्रीनसमोरच खाऊ लागल्या.

"काहून वं, वर चालली काय?"

"नाही मॅडम."

"नीट पाय ना."

पाहून पाहून मला सपाट रेघही चढल्यासारखी वाटायची.

आणि एका दुपारी ती खरंच चढली. भोयरभाऊ साचा बदलत होते.

"बुडबुडेच असतील," मी पुटपुटले.

"असतील," मॅडम म्हणाल्या. "अन् नसले तर?"

मी शिट्टी फुंकली. भोयरभाऊंनी दचकून हात बाहेर काढले. मॅडमनी लाल बटण दाबलं.

तेलाचा नमुना काचेच्या बाटलीत घेतला आणि आम्ही सगळे तिच्याभोवती उभे राहिलो. हळूहळू बारीक फेस वर आला, फुटला, आणि खाली तेल मधासारखं स्वच्छ दिसू लागलं.

बुडबुडे.

"सोमवारी काढा तो सेन्सर," मॅनेजर म्हणाले आणि निघून गेले.

मला वाटलं, मॅडम त्यांच्यामागे धावतील, भांडतील. त्या जागच्या हलल्या नाहीत. मग टेबलावरचं स्वच्छ फडकं घेऊन भोयरभाऊंजवळ गेल्या, त्यांचा उजवा हात हातात घेतला आणि एकेक बोट पुसू लागल्या.

"मॅडम, राहू द्या ना. मी धुतो."

"चूप राहा ना गा भाऊ."

भोयरभाऊंनी दुसरा हात पुढे केला.