देवरावजींची सरकी

हिंगणघाटात मी बदलून आले, त्या दिवशी टेम्पोतून सामान उतरत होतं आणि शेजारच्या घरातला एक उंच, काटकुळा गृहस्थ कुणाला न विचारता माझ्या गादीपाशी आला. गादीची शिवण एका कोपऱ्यात उसवली होती. त्यात त्याने दोन बोटं घातली, कापसाचा पुंजका बाहेर ओढला, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूहळू ताणला, पुन्हा जोडला, पुन्हा ताणला आणि म्हणाला, "मॅडम, फसवलं तुमाले. धागा आखूड हाय."

ती गादी माझ्या लग्नातली होती, माहेरून आलेली. मी इतकी चिडले की त्या माणसाला पाणीसुद्धा विचारलं नाही. अर्ध्या तासाने तोच चहाची किटली आणि दोन स्टीलचे ग्लास घेऊन परत आला.

हे देवरावजी. एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातलं बी वेगळं काढायच्या कारखान्यात, त्यांनी चाळीस वर्षं कापसाची पारख केली. कापसाची गाडी फाटकात आली की त्यातला मूठभर कापूस हातात घ्यायचा आणि सांगायचं, धागा किती लांब, ओल किती. मग त्यातली सरकी, म्हणजे कापसाचं बी, दाताखाली धरायची. कडकन फुटली तर माल कोरडा. देवरावजींनी कोरडा म्हटलेला माल मालक पुन्हा बघत नसत, असं ते स्वतःच सांगत. कशाबद्दलही विचारा, उत्तर एकच असायचं, "हाताले इचारा. हात खोटं बोलत नाई."

जिनिंग सोडून त्यांना दोन वर्षं झाली होती. का सोडलं, असं विचारलं की म्हणत, "ओल मोजाची मशीन आली ना, मॅडम. आता हाताले कोण इचारते?" आणि मग त्या मशीनचा असा उद्धार करत, की माझ्याकडे शिकवणीला आलेल्या मुलांचे कान बंद करावेसे वाटत.

नोकरी सुटली तरी पारख सुटली नव्हती. माझी भाकरी दाबून ते "ओल जास्त हाय" म्हणत. बँकेतल्या नव्या मॅनेजरबद्दल म्हणाले, "चमक हाय, मजबुती नाई." गल्लीत आलेल्या नव्या सुनेला एकदाच पाहून "लांब धागा" असा निकाल दिला, आणि ती सून आजतागायत त्यांच्याकडे पुरणपोळी पाठवते. माझ्याबद्दल त्यांनी गल्लीत सांगितलं होतं, "मॅडम कोरड्या हायत, पण माल चांगला हाय." मी गणित शिकवते. एवढं कौतुक मला पुरतं.

माणूस तसा गबाळा. शर्टाची वरची दोन बटणं कायम उघडी. उकळत्या चहाचा ग्लास सरळ मुठीत धरून गप्पा मारत बसायचे; मला तो पदराने धरायला लागायचा. मी मनात म्हणायची, चाळीस वर्षं काम केलेला हात आहे, त्याला काय भाजणार.

बायको वारल्यापासून ते एकटेच राहत. मुलगी प्रणाली नागपूरला नोकरीला. जानेवारीत तिला कंपनीने दोन महिन्यांच्या ट्रेनिंगला हैदराबादला पाठवलं. हैदराबादची बस आमच्याच गावावरून जाते. ती वाटेत उतरली, हातात एक टोपली, टोपलीत टॉवेल आणि टॉवेलात काहीतरी हलत होतं.

"हे काय हाय? उंदीर हाय का?" देवरावजींनी विचारलं.

"बाबा, टॉय पॉमेरेनियन आहे. दीड महिन्याची. तिचं नाव कुकी. दोनच महिने सांभाळा, प्लीज."

"मले नाई जमत. कापसाचा माणूस मी."

प्रणालीने न ऐकल्यासारखं करून फ्रिजवर दोन कागद चिकटवले. दर तीन तासांनी थोडं थोडं खाणं, तेही भिजवून मऊ केलेलं. गाईचं दूध द्यायचं नाही. आंघोळ नाही. दिवाणावर ठेवायचं नाही, पडली तर पाय मोडेल. रोज वजन करायचं. आणि ऊब, सतत ऊब, हे शब्द तिने दोनदा लिहिले होते. सगळ्यात शेवटी लाल शाईत आणखी काहीतरी होतं. बस निघून गेल्यावर देवरावजी कागदांपुढे उभे राहून म्हणाले, "अर्धा किलोचा माल अन् दोन कागद! आमच्याइथे ट्रकभर कापूस एका चिठ्ठीवर जात होता."

मला कुत्री आवडत नाहीत. लहान असोत, मोठी असोत, मी लांबूनच बघते. पण त्या दोन महिन्यांत देवरावजींकडे बघणं मात्र मी सोडलं नाही.

कुकी हे नाव दुसऱ्या दिवशीच गेलं. पांढऱ्या मऊ केसांत काळं नाक आणि दोन काळे डोळे, म्हणून ती सरकी झाली. कापसाचे नमुने ठेवायची त्यांची जुनी लाकडी पेटी होती, तीत त्यांनी उत्तम प्रतीची रुई पसरून बिछाना केला. सरकीने त्याच दुपारी ती रुई खायला घेतली. देवरावजींनी तिच्या तोंडात बोट घालून धागा बाहेर काढला आणि मला म्हणाले, "पसंती चांगली हाय पोट्टीची." मग रुई गेली आणि पेटीत माझी जुनी शाल आली.

तीन तासांचा हिशेब चुकू नये म्हणून त्यांनी मोबाईलवर गजर लावला, तोही जिनिंगच्या भोंग्याच्या आवाजाचा. भोंगा झाला की सरकी उठायची, देवरावजी वाटी घेऊन धावायचे आणि माझ्या शिकवणीतली मुलं सुट्टी झाली समजून दप्तरं भरायची. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर सरकीचं वजन व्हायचं आणि हैदराबादला फोन जायचा. "आज बारा ग्रामची तेजी हाय." एखाद्या दिवशी वजन तेवढंच भरलं तर "बाजार थंडा हाय" म्हणून सांगायचे आणि दिवसभर तोंड पाडून बसायचे.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी मी तिळाच्या लाडवांचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेले. सकाळचे साडेआठ झाले असतील. कडाक्याची थंडी होती. देवरावजी अंगणात कोवळ्या उन्हात बसले होते, मांडीवर सरकी, सरकीच्या पाठीवर त्यांचा हात. बाजूला वाटी भरलेलीच होती.

"खाल्लं नाही का हिने?"

"झोपली हाय. झोपू द्या म्हटलं. मस्त गरम हाय."

मी सहज बघितलं. झोपलेलं पिल्लू असं मान टाकून पडत नाही, एवढं मलाही कळत होतं. कुत्र्याला हात लावायची ती माझी आयुष्यातली पहिली वेळ. सरकीचा कान बर्फासारखा लागला. पोटाला हात लावला, तेही गार.

"देवरावजी, ही गार पडलीय!"

"काऊन बा? गरम तर हाय. हाताले..." आणि ते मधेच थांबले. स्वतःच्या हाताकडे बघत राहिले.

मी आत धावले. फ्रिजवरचा लाल शाईतला शेवटचा मजकूर वाचला. सुस्त पडली, मान टाकली तर साखरेचं पाणी हिरड्यांना चोळा, ऊब द्या, लगेच डॉक्टरकडे न्या. साखर सापडेना, गूळ सापडला. कोमट पाण्यात तो विरघळवला आणि बोटाने तिच्या हिरड्यांना चोळत राहिले. देवरावजी नुसते म्हणत होते, "उठ ना व माय, उठ ना." मग सरकीने जीभ किंचित बाहेर काढली आणि माझं बोट चाटलं. मी तिला देवरावजींच्या स्वेटरच्या आत, छातीशी ठेवलं, त्यांना स्कूटीवर मागे बसवलं आणि जनावरांच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टरांनी सलाईन लावलं, गरम पाण्याच्या पिशव्या दिल्या. तासाभराने सरकी उभी राहिली आणि टेबलावरच शू केली. डॉक्टर हसून म्हणाले, "वाचली. एवढ्या लहान जातीत एक वेळचं खाणं चुकलं तरी साखर उतरते. पण काका, अंग एवढं गार पडलं, तुमच्या हाताला कळलं कसं नाही?"

देवरावजींनी सरकीला उचलून पुन्हा स्वेटरच्या आत घातलं.

परत येताना वेणा नदीच्या पुलाअलीकडे ते म्हणाले, "मॅडम, जरासं थांबा." मी स्कूटी बाजूला घेतली, ते उतरले.

"हाताले समजत नाई आता," ते म्हणाले. "तीन वर्स झाले. शुगर हाय मले. पोट्टीची उतरली, माही चढलेली हाय. बोटं बधिर झाली. गरम, थंड, ओलं, कोरडं, काहीच समजत नाई. शेवटच्या वर्सी मी एक गाडी कोरडी म्हणून पास केली. ओली होती. सरकी दाताखाली घेतली असती तं समजलं असतं, पण माह्या हातावर माहा भरोसा. कापसाची गंजी आतून तापली, सारा माल गेला. मालक काहीच बोलले नाई. म्हणून मीच सोडलं. मशीन तं मी गेल्यावर आली."

मला ती उघडी बटणं आठवली. मुठीत धरलेला चहाचा ग्लास आठवला. शेजारी राहून मला काहीच कसं दिसलं नाही, याची लाज वाटली, आणि त्यांचा रागही आला.

"प्रणालीला सांगितलंत?"

"नाई. सांगजा नका. हात गेला तं माह्यापाशी राह्यलं काय?"

तेवढ्यात स्वेटरमधून सरकीने डोकं बाहेर काढलं. त्यांनी तिला उचललं, हातात घेतलं आणि क्षणभर गोंधळले. मग तिला वर नेऊन आपल्या गालाला लावलं. डोळे मिटून तसेच उभे राहिले.

"गरम हाय," ते म्हणाले. "मॅडम, गालाले समजून राह्यलं."

त्या दिवसापासून गल्लीला नवीन करमणूक मिळाली. दिवसातून वीस वेळा देवरावजी सरकीला गालाला लावायचे. फाटकात, गच्चीवर, भाजीवालीशी बोलताना. बायका तोंडाला पदर लावून हसत. म्हातारपणी येडा झाला, असं कुणी म्हणे. ती लांब धाग्याची सून एकदा म्हणाली, "काका, आमचेही कधी असे लाड करा." देवरावजी सगळ्यांना एकच सांगत, "माल तपासून राह्यलो." ते अगदी खरं होतं, पण खरं आहे हे मला एकटीलाच माहीत होतं.

मार्चमध्ये प्रणाली आली. सरकी आता सव्वा किलोची झाली होती आणि पेटीत मावत नव्हती. बाबा तिला गालाशी धरून फाटकात उभे आहेत, हे पाहून प्रणाली बॅग हातात धरून थांबलीच. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, बाबांना काय झालं? मला कधी असं जवळ घेतल्याचं आठवत नाही. ताप आला तर कपाळाला हात लावायचे, शंभर हाय म्हणायचे, अन् जिनिंगला निघून जायचे."

बोलता बोलता तिला खोकल्याची ढास लागली. देवरावजींनी मान वर केली. सरकी माझ्या ओंजळीत ठेवली आणि ते मुलीसमोर उभे राहिले. हात सवयीने तिच्या कपाळाकडे गेला, अर्ध्यावर थांबला आणि खाली आला. मग हा उंच माणूस वाकला आणि त्याने आपला गाल मुलीच्या कपाळाला टेकवला.

"बाबा?"

"गप राय जराशी." त्यांनी डोळे मिटले. "ताप हाय तुले. आज जाऊ नको नागपूरले." मग तसेच वाकलेले असताना, तिच्या केसांत तोंड ठेवून म्हणाले, "हाताले समजत नाई मले आता, बाई. सांगाचंच राह्यलं तुले."

प्रणालीच्या हातातली बॅग खाली पडली. तिने त्यांचे दोन्ही हात धरले आणि त्यांना घेऊन ती आत गेली. दार पुढे लोटलं गेलं.

मी अंगणात एकटीच उरले, ओंजळीत ते कुत्रं घेऊन. ठेवावं कुठे, हेही मला कुणी सांगितलं नव्हतं. हात फिरवून पाहिला, सरकी ऊबदार वाटली. गल्लीत इकडेतिकडे बघितलं. कुणी नव्हतं. मग मीही तिला गालाला लावून पाहिलं.