कौटुंबिक पाळणा

घराघरांत टीव्ही आल्यापासून पाचोऱ्याकडच्या आमच्या गावच्या जत्रेतली गर्दी रोडावली, ही बाब यात्रा समितीने गांभीर्याने घेतली. अध्यक्ष मोतीलालनानांनी पाळणेवाल्या सत्तारभाईंना बोलावून सांगितलं की यंदा पाळणे दोन प्रकारचे हवेत : कुटुंबांसाठी सुरक्षित आणि शौकिनांसाठी थरारक.

"नाना, माझ्याकडे आकाशपाळणा एकच आहे."

"पाळणा एकच शे, मंग पाट्या दोन लाव."

सत्तारभाईंनी एकाच चाकाचे निम्मे झोपाळे पांढरे रंगवले, निम्मे लाल. पांढऱ्यांवर लिहिलं, 'कौटुंबिक. दांडी धरण्याची गरज नाही.' लालांवर, 'थरारक. कमजोर काळजाच्यांनी बसू नये.' लालचं तिकीट दुप्पट. कर्ण्यावर पुकारा सुरू झाला : "पांढऱ्यात बसा, काल पहूरचे एक आजोबा बसल्या बसल्या झोपले." लगेच पुढे, "लालमध्ये बसा, काल पहूरचे एक आजोबा बेशुद्ध पडले." आजोबा एकच होते.

दुसऱ्याच दिवशी तक्रार आली. चाक खाली येताना पांढऱ्यातल्या बायका मनसोक्त किंचाळत. लालमधले पुरुष मात्र गावासमोर ओरडायचं कसं, म्हणून मिशीला हात लावून गप्प. "दुप्पट पैसे आम्ही भरायचे आन थरार यांनी घ्यायचा?" असा हिलाल पैलवानांचा सवाल होता. समितीला तो रास्त वाटला. ठराव झाला : कौटुंबिक झोपाळ्यात किंचाळण्यास सक्त मनाई. कोणी ओरडल्यास चाक थांबवून संबंधित कुटुंबास उतरवण्यात येईल.

आमची छबी चार वर्षांची. वर्षभर रोज "पाळणा आला का?" विचारून झोपायची. आमच्या ह्यांनी स्वतः लालचं तिकीट काढलं आणि मला बजावलं, "पोरीला गप ठेव. उतरवलं तर चारचौघांत शोभा होईल."

पांढऱ्यात बसताना छबी म्हणाली, "आई, मजा आली तर ओरडू?"

"मनात ओरड."

"मनात कसं ओरडतात?"

मला येत होतं. पण तिला शिकवावंसं वाटेना.

चाक वर गेलं. केळीच्या बागा दिसल्या, आमच्या घराच्या धाब्यावर वाळत घातलेलं तिचं पिवळं झबलं दिसलं. मग झोपाळा खाली सुटला आणि छबीने तोंड उघडलं. एका हाताने मी तिचं तोंड दाबलं, दुसऱ्याने माझं. दांडी धरायला हात उरला नाही; पाटीप्रमाणे गरजही नव्हती. तिचं हसू माझ्या तळव्यावर गरम गरम आपटत राहिलं. मागच्या लाल झोपाळ्यातून "ए माय वं" अशी आरोळी आली. आवाज घरातलाच होता. ह्यांचे पैसे वसूल झाले.

खाली नाना कर्ण्यावर सांगत होते, "बघा, याले म्हणतात कुटुंब. पोर कशी गप शे." मैदानभर टाळ्या पडल्या.

उतरताना मी तिच्या तोंडावरचा हात काढला. तिने तिथे स्वतःचा ठेवला. टाळ्या वाढल्या.

वरून गर्दीतला एकेक चेहरा ओळखू येतो, बरं का. तुम्ही अगदी पुढेच उभे होतात, टाळ्या वाजवत.