बेहड्याला नेसवलेली साडी

महिपती अकरा वर्षं थायलंडात राहून सुट्टीला गावी आला, तेव्हा त्याच्या बॅगेत सगळ्यांसाठी बामच्या बाटल्या होत्या, स्वतःसाठी दुर्बीण होती आणि तोंडात एक वाक्य होतं. "आमच्याकडं थायलंडमध्ये..." कासू स्टेशनवर रिक्षात बसल्यापासून त्याने हे वाक्य जे सुरू केलं, ते घरी पोचून पाय धुवेपर्यंत संपलं नव्हतं.

"आमच्याकडं थायलंडमध्ये हत्ती रस्त्यात आला ना आये, तर गाडी बंद करायची. हॉर्न वाजवायचा नाय. गप बसून रायचं."

"मग हितं म्हशी आडव्या आल्या की आमी काय वाजंत्री लावतो?" गिरजाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाली. पोरगा परदेशात राहतो याचं तिला कौतुक होतं, पण ते तिने आजवर तोंडावर येऊ दिलेलं नव्हतं.

महिपती मूळचा रोह्याच्या एका कंपनीतला फिटर. तिथून थायलंडातल्या रायाँगच्या कारखान्यात गेला आणि रविवारी वेळ जात नाही म्हणून तिथल्या दोस्तांबरोबर रानात हिंडू लागला. हिंडता हिंडता त्याला वेड लागलं ते धनेशाचं. केळ्याएवढी चोच असलेला हा पक्षी. त्याची मादी झाडाच्या ढोलीत शिरते, दार आतून लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते आणि अंडी-पिल्लं होईपर्यंत दोन-अडीच महिने कोंडून घेऊन बसते. तोवर नर बाहेरून तिला फळं भरवतो. नर यायचा थांबला, की आतला सगळा संसार उपाशी मेला. थायलंडात पूर्वी जे लोक झाडं तोडायचे तेच आता अशा ढोलींची राखण करतात, हे महिपतीने डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि आणखी एक गोष्ट पाहिली होती. एखादं झाड वाचवायचं असलं, की तिथले भिक्षू येतात, मंत्र म्हणतात आणि झाडाला आपलं भगवं वस्त्र गुंडाळतात. मग त्या झाडाला कुणी कुऱ्हाड लावत नाही.

दुसऱ्या दिवशी तो दुर्बीण घेऊन खळ्यावर गेला आणि तिथेच मटकन बसला. खळ्याच्या कडेच्या जुन्या बेहड्याच्या झाडात ढोली, ढोलीला लिंपण, लिंपणाला फट, आणि फटीत चोचीचं टोक! रायाँगहून सहा तास बसने जाऊन जे बघायला मिळायचं, ते घरापासून चाळीस पावलांवर होतं. आनंदाने त्याला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. तो धावत घरी आला आणि थोरल्या भावाला, हैबतरावाला, ही बातमी सांगितली.

"तो बेहडा व्हय?" हैबतराव म्हणाला. "तो उद्या तोडायचाय. बुधाला सांगून ठेवलंय."

हैबतरावाची मुलगी मालू हिचं लग्न वैशाखात होतं. मांडव खळ्यावर पडायचा होता आणि बेहडा नेमका मांडवाच्या तोंडाशी. ना त्याचं फळ खायच्या कामाचं, ना लाकूड दाराच्या. वर त्या पाखराची शिट आणि बिया खाली पडत. "व्याही मांडवात शिरताना त्याच्या फेट्यावर पडलं म्हंजे? अष्टमी गावची मानसं हायत ती. जन्मभर बोलून दाखवतील."

"दादा, आमच्याकडं थायलंडमध्ये..."

"थायलंडात लगीन असतं तर मी झाडाला विचारून तारीख काढली असती. हितं मांडव पायजेल." हैबतराव उठून गेला. घरात हैबतरावाचा शब्द शेवटचा, हे महिपती अकरा वर्षांत विसरला नव्हता.

रात्रभर त्याला झोप लागली नाही. उजाडता उजाडता त्याला भिक्षू आठवले. भिक्षू कुठून आणायचे हा प्रश्न होता, पण वस्त्र तर हवंच. त्याने बायकोचं कपाट उघडलं आणि वरच भगव्या रंगाची कोरी साडी दिसली. रंभाने ती मालूच्या लग्नासाठी दोनदा पेणला खेपा घालून, सात दुकानं पालथी घालून आणली होती. दोन दिवसांचाच प्रश्न आहे, घडी घालून परत ठेवू, असं मनाशी म्हणत महिपतीने साडी काखेत मारली आणि खळं गाठलं. बेहड्याला दोन वेढे बसले. उरलेला पदर लोंबू लागला, म्हणून त्याने तो वर ओढून ढोलीच्या खालच्या खोबणीत खोचला. मंत्र येत नव्हता. दोन्ही हात जोडून त्याने कारखान्यात शिकलेलं "सवाद्दी क्राप" म्हटलं, म्हणजे नमस्कार.

थायलंडात झाडाला भिक्षूचं वस्त्र गुंडाळलं, की झाड भिक्षू होतं. आपल्याकडे झाडाला साडी नेसवून डोक्यावर पदर दिला, की काय होतं, याचा विचार त्याने केला नव्हता.

कातकरवाडीवरचा बुधा कुऱ्हाड घेऊन आला आणि जागच्या जागी थांबला. मागून हैबतराव आला. त्याने झाडाकडे बघितलं आणि चप्पल पायांतून कधी निघाली आणि हात कधी जोडले गेले, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

"बुधा, हे कवा झालं?"

"मला काय म्हाईत दादा? मी आत्ता येतोय." बुधाने कुऱ्हाड पाठीमागे लपवली. "पर मी नाय हात लावायचा."

महिपती गवताच्या गंजीआड बसून ऐकत होता. थायलंडचा उपाय पेण तालुक्यात लागू पडला, या आनंदात त्याने स्वतःच्याच पाठीवर थाप मारली. तो आनंद न्याहारीपर्यंत टिकला.

न्याहारीच्या वेळी शेतावर निघालेल्या दोघी बायकांनी झाडाला हळदकुंकू लावलं. दुपारपर्यंत बुंध्याशी अकरा नारळ फुटले. चार वाजता कुणीतरी सांगितलं, की देवी रोह्याकडून नदी ओलांडून पायी आली. पाच वाजता ती धरमतरच्या खाडीतून बार्जवर बसून आल्याचं दुसऱ्याने शपथेवर सांगितलं. संध्याकाळी भजनी मंडळाचा गुणाजी आपली माणसं घेऊन आला. गुणाजीला गावात कुठेही चार माणसं जमलेली दिसली, की माइक हवा असे.

"हैबतदादा, देवी उघड्यावर ठेवायची म्हंजे काय? उद्या पत्र्याची शेड मारू. कर्णा बांदू. आठ दिवस अखंड भजन! ढोलकीवाले वडखळवरनं आणतो."

"आठ दिवस?" महिपतीच्या तोंडून निघालं.

"कमी वाटतात? पंधरा करू."

महिपतीने दुर्बीण डोळ्यांना लावली. पलीकडच्या पिंपळावर नर धनेश चोचीत फळ धरून बसला होता. खाली माणसं हलली, की तो पंख उचलायचा आणि परत बसायचा. दुपारपासून तो एकदाही ढोलीकडे गेला नव्हता. आत मादी उपाशी होती, आणि पिल्लं असतील तर तीही. कुऱ्हाडीने एका घावात झालं असतं ते आता ढोलकीने आठ दिवसांत होणार होतं. खरं सांगावं, तर देवी जाते आणि कुऱ्हाड परत येते. गप्प बसावं, तर कर्णा येतो.

तेवढ्यात रंभा ओटीचं ताट घेऊन देवीला गेली. तिने ओटी भरली, नमस्कार केला, पदराला हात लावून डोळ्यांना लावला आणि तो हात डोळ्यांपाशीच राहिला. घरी आल्यावर तिने महिपतीला मोरीच्या कोपऱ्यात गाठलं.

"अवो, एक विचारू? देवी बार्जवरनं आली ना?"

"म्हंजे... लोक म्हनतात."

"मग तिच्या पदराला पेनच्या दुकानाची चिठ्ठी कशी?"

महिपतीने सगळं कबूल केलं. रंभाच्या डोळ्यांत पाणी आलं. "फॉल लावायचा होता अजून," ती म्हणाली. "आता काय करू? देवीच्या अंगावरची साडी ओडू? लग्नात मी काय नेसू, तुमची दुर्बीण?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच पत्रे आले, कर्णा आला आणि वडखळचे ढोलकीवालेही आले. नर अजून पिंपळावरच होता. शेवटी महिपतीने आईचे पाय धरले. गिरजाबाई ओसरीवर सुपारी कातरत होती, आणि बुधा पायरीवर चहा पीत होता. कालची मजुरी बुडाली, तेव्हा निदान चहा तरी पाजा, म्हणून तो आला होता.

"आये, तू तुझ्या अंगात येऊ दे. देवीला शांतता पायजेल म्हनून सांग. तुझं ऐकतील."

"माझ्या अंगात आजवर तापाशिवाय काय आलं नाय," गिरजाबाई म्हणाली. "आनि देवाच्या नावानं खोटं बोलू या वयात?"

मग महिपती धनेशाची सगळी जीवनकथा सांगू लागला. "आमच्याकडं थायलंडमध्ये संशोधन झालंय. मादी आपलीच पिसं उपटून..."

"...खाली आंथरते," बुधा म्हणाला. "लिंपन आतनं करते. नर सकाळी येरवाळी येतो, उंबर आनतो. माझ्या बापाला म्हाईत होतं, मला म्हाईत हाय. ह्याच बेहड्यात चार वर्सं येतेय ती. मी दादाला सांगनार होतो, पर दादा कवा कुनाचं ऐकतो?"

गिरजाबाईने अडकित्ता खाली ठेवला.

"म्हंजे बाई आत कोंडून बसलीय, दार लावून. पोरं व्हायचीत नायतर झालीत. नवरा जेवन आनून देतो. असंच ना?"

"व्हय आये."

"मग मेल्या, बाळंतीन म्हन की सरळ! थायलंड थायलंड काय लावलंयस?"

ती उठली, पदर कमरेला खोचला आणि खळ्याकडे निघाली. गुणाजी "हॅलो, हॅलो" करत होता. गिरजाबाईने त्याच्या हातातला माइक काढून घेतला आणि तो तोंडाशी न धरताच बोलली. तिला त्याची गरज नव्हती.

"बाळंतिनीच्या दाराशी ढोलकी वाजवता? लाजा नाय वाटत? गुनाजी, तू झालास तवा तुझ्या आयेच्या उशाशी कुनी कर्णा लावला होता काय? बघ त्या भोकात! चोच दिसते का? ती आत बाळंतीन हाय. काल दुपारपासनं तिच्या पोटात अन्नाचा कन नाय, कारन तिचा घो तुमच्या गर्दीला भिऊन तिकडं पिपळावर बसलाय. ह्या झाडाखाली देवी हाय का नाय ते देवीला ठाव. बाळंतीन हाय, ते मी सांगते!"

देवीचा कोप झाला असता, तर लोकांनी नारळ फोडून मिटवला असता. बाळंतिणीचं मात्र काय करायचं, ते सगळ्यांना पाठ होतं. बायकांनी आपापल्या पुरुषांना दंडाला धरून मागे नेलं. ढोलकीवाले ढोलकीवर टॉवेल टाकून लांब जाऊन बसले. पत्रे हळूच उचलले गेले. एक पत्रा वाजला, तर दहाजणी एकदम "शूऽऽ" म्हणाल्या.

घटकाभराने नर उडाला. पंखांचा मोठा घरघर आवाज करत बेहड्यावर आला आणि फटीत एकेक उंबर भरवू लागला. गळ्यातून काढायचा आणि द्यायचा, काढायचा आणि द्यायचा. एकोणीस उंबरं झाली. महिपतीला दुर्बिणीतून दिसेनासं झालं, कारण काचेच्या अलीकडे पाणी आलं होतं.

"बघा," एक म्हातारी हलक्या आवाजात म्हणाली. "दोन-दोन महिने भरवतो म्हनं. न चुकता."

सगळ्या बायकांनी वळून आपापल्या नवऱ्याकडे पाहिलं. पुरुषांना एकाएकी गोठ्यातली कामं आठवली.

हैबतराव एकटा उभा होता. "आये, मांडवाचं काय करू?"

"दारात घाल. नाय मावला तर गुनाजीच्या खळ्यावर घाल. एक लेक सासरी चाललीय तुझी, एक बाळंतपनाला आलीय. तिला घराबाहेर काढतोस?"

हैबतरावाने मान खाली घातली. मालूचं लग्न ठरल्यापासून तो कुणाच्या देखत रडला नव्हता. तो बेहड्याकडे गेला, लांबूनच हात जोडले आणि नाक शिंकरत परत आला.

लग्न गुणाजीच्या खळ्यावर झालं, बँडशिवाय. अष्टमीचे व्याही कुरकुरले, पण घरात बाळंतीण आहे म्हटल्यावर गप्प झाले. कुणाचं बाळंतपण, हे त्यांनी विचारलं नाही. रंभाने जुनी हिरवी साडी नेसली आणि लग्नभर नवऱ्याशी बोलली नाही. पुढे महिपती थायलंडला परतल्यावर गावाहून पत्र आलं, की दोन पिल्लं उडाली आणि गावातल्या बायकांनी घुगऱ्या वाटल्या.

पुढच्या वर्षी चैत्रात महिपती आला, तो हातभर लांब लेन्सचा कॅमेरा घेऊनच. बॅग ओसरीवर टाकून तो तडक खळ्यावर गेला. बेहड्याभोवती कुडाचं कुंपण होतं आणि आडव्या काठीपाशी हैबतराव बसला होता. मालूही पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, त्यामुळे तो घर आणि खळं अशी दोन्हीकडची राखण करून अर्धा झाला होता.

"कुठं चाललास?"

"फोटो काढायला. दादा, आमच्याकडं थायलंडमध्ये..."

"हळू बोल! थायलंडात काय करायचं ते कर. आमच्याकडं बाळंतिनीच्या खोलीशी पुरुषमानसानं जायचं नाय."

"अरे, पर हे झाड वाचवलं कुनी?"

"आयेनं," हैबतराव म्हणाला. "बायामानसांना सोडतो, एकेकीला. रंभाला पाठव. ती येऊन सांगंल तुला."

महिपतीने गयावया केली, पण काठी हलली नाही. शेवटी रंभाच गेली. महिपती कॅमेरा पोटाशी धरून कुंपणाबाहेर उन्हात उभा राहिला. ती चांगला अर्धा तास आत होती. मध्येच तिचं हसू ऐकू आलं, मग पंखांचा घरघर आवाज आला, मग पुन्हा हसू.

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा खुलला होता.

"काय बगितलंस? पिल्लं हायत? आवाज आला? किती?"

रंभाने पदर सारखा केला आणि घराची वाट धरली.

"सांगते की सगळं," ती म्हणाली. "आदी पेनला चला. भगवीच घेनार, आनि सात दुकानं बगनार."